अक्काचा पखवाज बनारसला

प्रिय अक्का,

आज संध्याकाळी घाटावर आपल्या मंडळाचं भजन आहे आणि तुझा पखवाज मी वाजवणार आहे. बाकीच्या जणी फिरायला गेल्या, मी पोट दुखतंय म्हणून धर्मशाळेतच राहिले. तू असतीस तर एका नजरेत माझं ढोंग ओळखलं असतंस! म्हणून तुलाच लिहायला बसले.

बनारसचं खूळ तुझंच ना? गावच्या कान्ह्याच्या देवळात पायरीवर बसून तूच ठरवलंस, नवरे घरी ठेवून सगळ्या मैत्रिणींनी एकदा काशीला जायचं. आणि स्वतः मात्र आधीच निघून गेलीस. धाकट्या बहिणीला असं अडकवून जातात का गं?

या गावाला गप्प बसणं ठाऊकच नाही. पहाटेपासून घंटा, खालच्या गल्लीत कुणाचा तरी सनईचा रियाज, समोरच्या दुकानात नवा तबला ठोकून ठोकून सुरात आणतायत. आपल्या मंडळातली वत्सला तर इथलीच झाली. रिक्षावाल्यांशी हिंदीत भांडते, आणि ती हिंदी कळत नाही म्हणून ते बिचारे सगळं कबूल करतात. मला मात्र धास्ती वाटते. इथं चहावाल्यालासुद्धा ताल कळतो. गावी तुझ्याकडं पखवाज शिकताना माझं चुकलं की तू हळूच सावरून घ्यायचीस. इथं कोण?

त्यात तू गेल्यापासून मंडळ बंद आहे. गाडीत कौसल्यावहिनींनी स्पष्टच सांगितलं, "बनारसात जमलं तर जमलं. न्हाईतर गावी गेल्यावर टाळ देवळात ठिवून देऊ." म्हणजे तू उभं केलेलं मंडळ आता माझ्या या दोन हातांवर!

सकाळी पखवाजाची खोळ काढली. डाव्या तोंडावर आवाज घुमायला तू थापलेली कणीक, वाळून भेगाळलेली. भजन संपलं की कणीक खरवडून गाईला घालायची, हे तूच आम्हाला शिकवलंस. पण तू गेलीस त्या एकादशीला हे कुणाला सुचणार होतं? तशीच खोळ चढवली गेली. कणकेवर तुझ्या बोटांचे ठसे आहेत अक्का, करंगळीचासुद्धा.

वत्सला म्हणाली, "काढ आता सुनंदा. कातडं फाटंल." गंगेचं पाणी घे, असंही म्हणाली, पण खाली जायचं बळ कुणाला होतं? नळाच्या पाण्यानं भिजवून काढली. खूप रडले.

खरी भीती वेगळीच आहे गं. त्या दिवशी तू पखवाजावर मान टेकलीस, तेव्हा आम्हाला वाटलं, अक्का रंगली. रंगलीस की तू तशीच झुकायचीस ना? आम्ही डोळे मिटून आणखी मोठ्यानं गायला लागलो. टाळांच्या आवाजात तुझे हात थांबलेले कुणालाच कळलं नाही. अभंग संपला तेव्हा तू गेलेली होतीस. तू आम्हाला हाक मारलीस का गं? आमचं गाणं तुला ऐकू येत होतं का?

तेव्हापासून डोळे मिटून गाणाऱ्या बायका पाहिल्या की एकेकीचे हात हलतायत ना, तेच मी बघत बसते. आज त्या सगळ्या माझ्याभोवती बसणार आहेत.

म्हणून त्या परत आल्या की सांगणार आहे, आज कुणी डोळे मिटायचे नाहीत. माझ्याकडं आणि एकमेकींकडं बघत गायचं. लोक हसले तर हसू देत. आणि माझा शब्द घे. चुकले तर मान वर ठेवून चुकेन, पण मंडळ मोडू देणार नाही. गावी आल्यावर दर एकादशीला वाजवीन, एकेकीचा चेहरा बघत वाजवीन. आपल्या गाण्यात पुन्हा कुणी एकटं जाणार नाही, अक्का.

तुझी,
सुनी