आतून उघडणारं दार

प्रिय दादा,

खुर्ची दाराला टेकवली आहे, खुर्चीवर तुझी जुनी सूटकेस ठेवली आहे आणि सूटकेसमध्ये तुझी कॉलेजची पुस्तकं आहेत. वजन म्हणून तरी त्यांचा उपयोग झाला. दार आता हललं तर आवाज होईल. बाबा आत झोपलेत. उजेड आहे तोवर लिहून घेते.

हाताने लिहितेय, कारण फोनवर तू तोडगा काढतोस. तुला तोडगा पटकन सुचतो, आणि सुचला की तुझं ऐकणं थांबतं. पानांचे फोटो काढून पाठवीन. निदान ओळी संपेपर्यंत तुला मध्ये बोलता येणार नाही. दाराचं काय झालं तेही सांगते, पण आधी तू या आठवड्यात पुन्हा पुन्हा विचारलंस त्याच्याबद्दल. परीक्षेच्या तयारीच्या त्या बूट कॅम्पचं काय ठरलं?

ऑफिसातलं मी तुला अर्धंच सांगितलं होतं. इतकी वर्षं कंपनीच्या संगणकांची सिक्युरिटी टीम मी सांभाळली, तेव्हा कोणी कागद मागितला नाही. आता नवे ग्राहक आलेत आणि त्यांच्या करारात अट आहे: टीमच्या प्रमुखाकडे सर्टिफिकेट हवं. तेच, जे तुझ्याकडे आहे. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, मला तुम्हीच हव्या आहात हो, पण कराराला तसं वाटत नाही. महिनाअखेर परीक्षा पास झाले तर ठीक, नाहीतर माझी खुर्ची पोपटाला. पोपट म्हणजे माझ्या हाताखालचा तो सर्टिफिकेटवाला, ज्याला प्रत्येक नियम क्रमांकासकट पाठ असतो आणि सर्व्हर बंद पडला की जो माझ्या तोंडाकडे बघतो. मुलगा वाईट नाही. त्यानेच मला सांगितलं, ताई, डोळे झाकून कॅम्पला जा. पाच दिवस ते तुमच्या डोक्यात ओततात, सहाव्या दिवशी तुम्ही परीक्षेत ओकता, सातव्या दिवशी डोकं पुन्हा स्वच्छ. हे तो कौतुकाने सांगत होता.

तूही तेच सांगितलंस, फक्त एका शब्दात. जा.

तुझ्याइतका सरळ विचार मला जमला नाही. कॅम्प दुसऱ्या शहरात. पाच दिवस तिथेच राहायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग, जेवणानंतर सराव चाचणी, आणि पाचवा दिवस संपला की दुसऱ्या सकाळी तिथेच परीक्षा. ते शिकवतात ते सगळं पुस्तकात आहे. ते पुस्तक मी आडवं-उभं दोनदा वाचलं आहे, बाबांच्या दवाखान्यातल्या बाकांवर, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. सराव चाचण्यांत मी पासच्या रेषेच्या जरा वर असते, कधी जरा खाली. चुका नेहमी एकाच जातीच्या. प्रश्न असतो, अमुक यंत्रात कोणीतरी घुसलं आहे, तुम्ही प्रथम काय कराल? मी उत्तर देते, त्या यंत्राची तार काढीन. चूक. उत्तर असतं, ज्याची जबाबदारी आहे त्याला कळवीन. नेहमी चूक, आणि दर वेळी माझा हात आधी तारेकडे जातो.

तू कॅम्पला गेलास तो आठवडा तुला आठवतो? बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. तू परत आलास तेव्हा पट्टी निघाली होती आणि तू विचारलंस, हा काळा चष्मा कशाला, बाबा, हिरो व्हायचंय का? सगळे हसले. तेव्हा आई होती. तिने मला दम भरला होता, दादाला फोन करायचा नाही, त्याचं चित्त विचलित होईल. मी केला नाही. तुझ्यावर राग म्हणून हे लिहीत नाही. कॅम्प उपयोगी आहे का, हे तुला विचारायचं तर ते पाच दिवस कशाचे बनले होते तेही हिशोबात धरावं लागतं.

बाबांचं तुला कळवत असतेच. सकाळी उठतात, भांग पाडतात, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावतात आणि डेपोत जायला निघतात. बस काढायची असते. निवृत्त झालात असं सांगितलं की माझ्याकडे दयेने बघतात, जणू विसरले आहे ती मीच. माझं नाव त्यांना बऱ्याचदा सुचत नाही. पण मी कोण ते त्यांना माहीत असतं. मला कंडक्टर म्हणतात. आठवतंय ना, लहानपणी ते खुर्चीवर बसून बस चालवायचे, तू थोरला म्हणून कायम कंडक्टर आणि मी कायम प्रवासी. तू ताटावर चमचा आपटायचास. एक टोल म्हणजे थांब, दोन टोल म्हणजे चल. मला वाजवायला मिळायचंच नाही. आता इतक्या वर्षांनी बढती मिळाली आहे.

पहिल्यांदा बाबा डेपोच्या फाटकाशी सापडले. दुसऱ्यांदा भर रस्त्याच्या मधोमध, हात करून गाड्या थांबवत. त्यानंतर तू ते कुलूप पाठवलंस. कुलूप उत्तम होतं, बसवणारासुद्धा म्हणाला. बाहेरून बोटाचा ठसा, आतून आकड्यांचा कोड. कोड तुला माहीत, मला माहीत, बाबांना सांभाळायला दुपारी येणाऱ्या बाईंना माहीत. दार उघडलं की तुझ्या फोनवर कळतं, माझ्या फोनवर कळतं. मी सकाळी निघायचे आणि बाई येईपर्यंत बाबा आत आणि घर तसंच बंद असायचं. आपण दोघं त्याला बाबांची सोय म्हणत होतो. दुसरा एक साधा शब्द आहे, तो आपण एकदाही वापरला नाही.

काल शनिवार. बाई शनिवारी येत नाहीत. कॅम्पवाल्यांनी इथल्याच एका हॉटेलच्या हॉलमध्ये अर्ध्या दिवसाचा मोफत वर्ग ठेवला होता, बघा, पटलं तर या, असा. बाबांना नाश्ता दिला, रेडिओ लावून दिला आणि गेले. दाराशी एक टोपली होती, फोन बंद करून तिच्यात टाकायचे. मी टाकला. दादा, खरं सांगते, टाकताना हात हलका झाला. शिकवणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मेजर म्हणत होते. आवाज खडा, पण माणूस मिश्कील. माझी चाचणी पाहून म्हणाले, बाई, तुम्ही फार कामाच्या आहात, म्हणूनच नापास व्हाल. दिसलं की हात घालता. परीक्षेत हात नाही घालायचा, आधी तोंड उघडायचं.

मग त्यांनी फळ्यावर एक खोली काढली. सर्व्हरची खोली. आत एक माणूस. आग लागली आहे, वीज गेली आहे. विजेवरचं कुलूप, ते बंद राहावं की उघडावं? पोपटही आला होता, माझ्या शेजारी बसायला. तो म्हणाला, बंद, आतली माहिती मोलाची आहे. मी म्हणाले, उघडावं. माणूस आत आहे तोवर दुसरा विचार नाही. मेजर म्हणाले, शाबास, या बाईंकडे बघा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटलं.

नंतर मी वेळा जुळवून पाहिल्या नाहीत. पाहणारही नाही.

टोपलीतून फोन घेऊन चालू केला तेव्हा शेजारच्या शिलाईवाल्या काकूंचे फोन येऊन गेलेले दिसले, एकाखाली एक. त्यांच्यामध्ये तुझा मेसेज होता. दार ऑफलाइन दिसतंय, बॅटरी बघ. बॅटरी संपत आल्याची सूचना आठवडाभर तुझ्याही फोनवर येत होती, माझ्याही. तुला वाटलं मी बघीन. मी बघणारच होते.

बाबांनी चहासाठी पातेलं शेगडीवर ठेवलं आणि विसरले. पाणी आटलं, पातेल्याची मूठ वितळली, ओट्यावरचं फडकं पेटलं. बाबा धुरातून निघून दाराशी आले. त्यांची समज तेवढी शाबूत होती. दार उघडलं नाही. कोड माहीत असता तरी उघडलं नसतं, कुलूप मेलेलं होतं. काकू म्हणाल्या, अगं, मला वाटलं तुमच्याकडे सुतारकाम चाललंय. ठक ठक, मग थांबणार. परत ठक ठक, परत थांबणार. ओरडले असते तर मी धावले नसते का? धुराचा वास आला तेव्हा त्यांनी खालच्या पहारेकऱ्याला हाक मारली, त्याने पहार आणून दार उचकटलं. बाबा दाराला चिकटून उभे होते, शर्टाची सगळी बटणं लावलेली. ते कुणाला वाचवा म्हणून हाक मारत नव्हते. दोन टोल देत होते आणि वाट बघत होते.

त्यांना काही झालेलं नाही. खोकला आहे, डॉक्टर बघून गेले. उजव्या हाताची बोटं सांध्यांवर सुजली आहेत. आज दुपारी वरण-भात मी भरवला तर म्हणाले, कंडक्टर, गाडीत बिघाड आहे, वर कळव. मी हो म्हटलं.

तर कॅम्प. काल रात्रीपासून मी तो ताडून पाहते आहे, परीक्षेतल्या प्रश्नासारखा. ज्ञानासाठी जायचं तर गरज नाही. पोपटासारखं ओकण्यासाठी जायचं तर जमणार नाही. पण मी घरी राहून ही परीक्षा पास होणार नाही, हे मला आता कळलं आहे. डोकं कमी पडतं म्हणून नव्हे. माझा एक कान दाराकडे असतो, आणि तो कान असताना मी नेहमी तारच उपटणार. ते लोक विकतात ते पाच दिवस. आत एक टेबल, एक पलंग, आणि आतून लावायची कडी. तुला मिळाले तेव्हा त्या पाच दिवसांची किंमत आईने आणि मी भरली, म्हणून तुला ते फुकट वाटले आणि म्हणून तुझा सल्ला एका शब्दाचा आहे.

हे पत्र सल्ल्यासाठी नाही. ज्याची जबाबदारी आहे त्याला आधी कळवायचं असतं, एवढं मेजरांनी मला अर्ध्या दिवसात शिकवलं. मी आजवर तुला कळवलं नाही. दिसलं ते हाताने केलं आणि तुला वरवर ठीक आहे म्हणत राहिले, आणि तूही त्या ठीकवर विसंबून राहिलास. आता कळवते. कॅम्प पुढच्या सोमवारी सुरू होतो. नोंदणी उद्या दुपारी बंद होते, ती मी उद्या करणार आहे. तू रविवारपर्यंत इथे ये. पैसे पाठवू नकोस, माणूस पाठवू नकोस, दुसरं कुलूप तर मुळीच पाठवू नकोस. तू ये. सकाळी बाबा डेपोत जायला निघतील तेव्हा त्यांच्यासोबत खाली उतर, ते वळतील तिथे वळ, दमले की परत आण. परीक्षा देऊन मी सातव्या दिवशी येईन. तू आला नाहीस तर मी जाणार नाही. खुर्ची पोपटाला जाईल, जाऊ दे, तो अगदीच वाईट नाही. पण हे दार आता कोणत्याही कारणासाठी बाहेरून बंद होणार नाही. तुझ्या फोनवर ते यापुढे ऑफलाइनच दिसेल.

तुझीच,
जिला कधी वाजवायला मिळालं नाही ती छोटी

सोमवार, सकाळ. फोटो काढायच्या आधी एवढंच. नोंदणी केली. कुलूपवाला येऊन साधी कडी बसवून गेला, आतून कोणालाही उघडता येते. तो काम करत होता तेव्हा बाबा भांग पाडून आले, सूटकेस उचलून खाली ठेवली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिले. तो गेल्यावर म्हणाले, कंडक्टर, उशीर होतोय. मी चौकटीवर दोनदा वाजवलं. ते उठले, त्यांनीच कडी काढली. आम्ही डेपोच्या वळणापर्यंत गेलो आणि परत आलो.