तूफीच्या आवाजाचं काय करायचं

मी, योखेवेद अम्झालेग, वय एकाहत्तर, राहणार होलोन, पूर्ण शुद्धीत आहे, कुणाच्या दडपणाखाली नाही, आणि खरं सांगायचं तर थकले आहे. येत्या रविवारी डॉक्टर माझ्या घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढणार. जगले तरी मुकी, म्हणून आजच लिहून ठेवते.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाची नेहामा हिला. गच्चीतल्या लिंबाला पाणी घालायचं, हे तोंडी सांगून दमले. आता कायद्यानं सांगते.

२. तेहतीस वर्षं मी कार्टूनमधल्या तूफी या सात वर्षांच्या पोराचा हिब्रू आवाज होते. माझ्यामागे तो आवाज यंत्राकडून तयार करून घेऊ नये. नवी मुलगी शोधा, तिला माझे लोकरी मोजे द्या. बुटांची करकर माईकला ऐकू जाते. परवा दवाखान्यातली नर्स म्हणाली, "अहो, तूफीसारखं एकदा ओरडा ना!" ओरडले. रक्त आलं.

३. अव्नेर शामाश, म्हणजे तूफीच्या थोरल्या भावाचा आवाज. २००१ साली मी स्टुडिओत काचेआड उभी होते. बाहेरच्या खोलीतला माईक चुकून चालू राहिला आणि माझ्या हेडफोनमध्ये अव्नेर दिग्दर्शकाला म्हणाला, "हिचा तूफी आता पोरगा कुठे वाटतो? आजीबाई वाटते!"

मी तेव्हापासून वेगळा वार मागून घेतला. आमच्याकडे प्रत्येक जण आपापली वाक्यं एकटाच बोलतो, जोडणारे नंतर जोडतात. त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. पडद्यावर भाऊ भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडत राहिले, आणि मी अठरा वर्षं त्याचा फोन उचलला नाही. कारण त्याला आजही ठाऊक नाही. मेल्या, खरं बोललास, म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी तूफीचा आवाज हलका केला, तोच पुढे टिकला.

काल स्टुडिओत जाऊन तूफीचं शेवटचं वाक्य भरलं: "दादा, बोलशील ना माझ्याशी?" पुढे चार सेकंद मोकळी सोडली आहेत. हे ध्वनिमुद्रण, या कलमाच्या नकलेसह, पाकिटात घालून अव्नेरला.

बाकीची कलमं मी गेल्यावर. हे कलम आजपासून लागू. अव्नेर, मी मरायची वाट बघू नकोस. आवाज जाणार आहे, कान शाबूत आहेत.

मी या दोघांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर:
पनिना एलगाझी, शेजारीण
शाउल मेनाशे, ध्वनिमुद्रक (अव्नेरचं पाकीट आजच पोचवतो म्हणाला)

योखेवेद अम्झालेग
होलोन, ६ मार्च २०१९