टिपरेरीच्या रंगाची साडी

बाबा, हर्लिंगच्या फायनलच्या दिवशी मी टिपरेरीच्या रंगाची साडी नेसले. निळी, पिवळ्या काठांची. चुकून नाही, मुद्दाम कपाटातून शोधून काढून, इस्त्री करून नेसले. आणि का नेसले ते मला अजून धड सांगता येत नाहीये. लेकीने विचारलं तेव्हा मी एक सांगितलं, ह्यांनी विचारलं तेव्हा दुसरंच. तुम्ही असता तर काही विचारलं नसतं, नुसतं चष्म्यावरून बघितलं असतं, आणि ते जास्त जड गेलं असतं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. तुमच्याकडून उत्तर येणार नाही हे मला कळतं. पण हा गोंधळ सांगायला मला दुसरं माणूस सापडत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. मलाही ते एकदा नीट लावून बघायचं आहे.

आधी बातमी. तुमची नात लग्न करतेय. तुम्ही गेलात तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडले होते, आता ती लंडनच्या दुसऱ्या टोकाला, क्रॉयडनला नोकरी करते आणि माझ्या पासवर्डांवरून मला बोलते. मुलगा चांगला आहे. जन्म क्रॉयडनचा, आई-वडील आयर्लंडचे. हे सांगायला ती स्टॅनमोरला घरी आली, जेवली, भांडीसुद्धा घासली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मग म्हणाली, "आई, मुलगा ठरला आहे, वी आर रिअली हॅपी, पण एक प्रॉब्लेम आहे. ते लोक टिपरेरीचे आहेत." मी खुर्चीत बसले. ह्यांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं टिपरेरी हा काहीतरी पंथ असावा. मला मात्र ब्रिस्टलचं ते स्वयंपाकघर दिसलं आणि तिथे टेबलावर कोपर टेकून बसलेले तुम्ही दिसलात.

त्या घरावर माझा तुमच्याइतकाच हक्क होता. तुमच्या कारखान्यातला तुमचा मित्र, आयर्लंडच्या कॉर्क जिल्ह्याचा, ज्याला मी कॉर्ककाका म्हणायची, त्याचं घर आपल्या मागच्या रस्त्यावर. फायनल तेव्हा सप्टेंबरात असायची. आयर्लंडचा रेडिओ समुद्रापलीकडून खरखरत लागायचा, काका तो खिडकीत या कडेवरून त्या कडेवर सरकवत राहायचा, आणि तुम्ही दोघं कॉर्कच्या रंगाचे लाल स्वेटर घालून बसायचात. टिपरेरी म्हणजे शेजारचा जिल्हा, कॉर्कचा जुना वैरी. हर्लिंग हा खेळ मला त्या खरखरीतूनच कळला. हॉकीसारखी काठी, पण चेंडू हवेत आणि काठ्या डोक्याच्या उंचीवर. आडव्या दांडीवरून मारला तर एक गुण, खाली जाळ्यात मारला तर तीन. आई सुकटीची चटणी करून द्यायची. काका ती पांढऱ्या ब्रेडला लोणी लावून त्यात भरतो, खातो, डोळ्यांतून पाणी काढतो आणि पुन्हा मागतो. काकू खिडकी उघडते. काका खिडकी लावतो, कारण वाऱ्याने रेडिओ जातो. तुम्ही घरी फार कमी हसायचात, बाबा. तिथे हसायचात. मी मॅच ऐकत नसायची, मी तुमच्याकडे बघत असायची.

कॉर्क तुमच्याकडे कसं आलं ती गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत की आता ती मला स्वतःच बघितल्यासारखी वाटते. तुम्ही कारखान्यात नवीन. कँटीनमध्ये काकाने तुम्हाला आयरिश लोकांच्या टेबलावर नेलं. तिथल्या एका म्हाताऱ्याने तुमच्याकडे बघून विचारलं, कुठला रे तू? आणि तुमचा घास तिथेच अडला. कारण हा प्रश्न तुम्ही मागे सोडून आला होतात. आपल्याकडे गाव विचारतात ते गावासाठी नसतं, असं तुम्ही म्हणायचात. गावाचं नाव सांगितलं की आडनाव, आडनावावरून घर गावात की आपल्यासारखं गावाबाहेर, आणि तिथवर उत्तर पोचलं की समोरचा माणूस पाण्याचा पेला हळूच स्वतःकडे सरकवतो. तुमच्याऐवजी काकाच म्हणाला, "हा कॉर्कचा. कॉर्कच्या पलीकडच्या अंगाचा." सगळं टेबल हसलं, म्हाताऱ्याने तुमच्याकडे मीठ सरकवलं, आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही कॉर्कचे. आपल्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खालच्या खिळ्याला कॉर्कचा लाल-पांढरा झेंडा. विहारातली माणसं वंदनेला आली की त्या झेंड्याकडे बघायची, पण तुमचा चेहरा बघून विचारायची नाहीत.

एकदा कॉर्क हरत होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. कंटाळून म्हटलं, मग आपण दुसऱ्यांच्या बाजूने होऊ या ना. तुम्ही मला कधी ओरडत नसायचात, पण त्या दिवशी रेडिओचा आवाज कमी केलात. "बाजू म्हणजे कोट आहे का," म्हणालात, "हवा बदलली की बदलायला?" मी रडले. काकूने मला बिस्किट दिलं. काका तुम्हाला म्हणाला, पोर आहे, सोड. तुम्ही सोडलं नाहीत. मला वाटतं तुम्ही माझ्याशी नव्हे, दुसऱ्याच कुणाशी बोलत होतात.

माझ्या लग्नातही तेच. ह्यांच्या मामांनी हळूच मानपानाचं काढलं, आम्ही मुलाकडचे, आम्हाला पुढच्या रांगेत बसवा, तुम्ही मागे उभे राहून बघा. तुम्ही शांतपणे हॉलमधल्या खुर्च्या उचलायला लागलात. सगळ्या गोल मांडल्यात. म्हणालात, पुढची रांगच नाही, आता बसा कुठेही. आणि मला नंतर गाडीत सांगितलंत, मुलीकडचे म्हणून मान खाली घालायची नाही, तुझ्या मुलीच्या वेळीही नाही. मी हो म्हटलं होतं. मी तेव्हा सगळ्यालाच हो म्हणत होते, पण हे हो खरं होतं.

तर यंदा फायनल आली कॉर्क आणि टिपरेरीचीच. हल्ली ती जुलैतच उरकतात. आणि मुलाच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी, मॅच बघायला आमंत्रण पाठवलं. त्यांच्या घरी माझी ही पहिलीच भेट. ह्यांना हॉस्पिटलची ड्युटी होती, म्हणून मी एकटी. सकाळी कपाट उघडलं, लाल साडी समोरच होती, आणि माझा हात तिच्यावरून पुढे गेला. मनात आलं, पहिल्यांदा जायचं, मुलाकडचं घर, त्यांच्या दारात त्यांच्या शत्रूचा रंग घालून कशाला उभं राहायचं? पोरीला तिथे नांदायचं आहे. नांदायचं! माझी पोर जिथे नांदणार तो फ्लॅट तिने स्वतः मॉर्गेज काढून घेतलाय. तरी हा शब्द माझ्या डोक्यात आला, कुणीतरी आत ठेवून गेल्यासारखा. आणि मी निळी साडी काढली.

ईस्ट क्रॉयडन स्टेशनवर लेक घ्यायला आली होती. तिने तुमची जर्सी घातली होती, ती जुनी लाल, कोपरावर आईने रफू केलेली. मला बघून ती जागच्या जागी थांबली. "आई, तू काय घातलं आहेस? हे त्यांचा कलर आहे." म्हटलं, बरं दिसतं तेवढंच. "बरं नाही दिसत. मी माझा आजोबाचा जर्सी घालून आली, आणि तू, सिरियसली?" ट्राममध्ये मी तिला समजावत होते की मोठ्यांचा मान ठेवावा लागतो. ती खिडकीबाहेर बघत होती. तिची मान तुमच्यासारखी ताठ आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

व्याह्यांनी दार उघडलं. उंच, पांढरे केस, अंगात निळा-पिवळा शर्ट. माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं आपण चुकीच्या घरी आलो. आत गेले तर पुढच्या खोलीत एक खुर्ची वेगळी मांडलेली. तिच्या पाठीला लाल-पांढरा झेंडा बांधलेला. माझ्यासाठी. विहीणबाई म्हणाल्या, तीन दुकानं फिरले हो हे त्या झेंड्यासाठी, आणि विकत घेताना ओळखीच्या कुणी बघू नये म्हणून टोपी घालून गेले. व्याही म्हणाले, "आमच्या घरी कॉर्कचं माणूस येणार म्हणून सगळ्या रस्त्याला सांगून बसलोय मी. तुमच्या मुलीने सांगितलं की तुमचे वडील पक्के कॉर्कचे. मग हे काय?" मी म्हटलं, तुम्ही मुलाकडचे, म्हणून. ते म्हणाले, मुलाकडचे म्हणजे? लेकीने त्यांना इंग्रजीत समजावलं. ती समजावत होती आणि माझे कान तापत होते. बाबा, इंग्रजीत ते फारच वाईट ऐकू येतं. त्यांना तरी ते पुरतं कळलं नाही. ते म्हणाले, माझे सासरे किल्केनीचे, म्हणजे आमच्या आणखी एका वैरी जिल्ह्याचे होते, त्यांनी मरेपर्यंत माझी एक मॅच सुखाने जाऊ दिली नाही, आणि मी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला. एवढंच. याचा मानपानाशी काय संबंध ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी विहीणबाईंनी त्यांचं लाल कार्डिगन आणून दिलं. निळ्या साडीवर लाल कार्डिगन घालून मी कॉर्कच्या खुर्चीत बसले, ना इकडची ना तिकडची. पहिल्या अर्ध्यात कॉर्क पुढे होतं, चांगलं सहा गुणांनी. लेक टाळ्या वाजवते, व्याही तिला शिव्या घालतात, ती परत करते, दोघं मजेत. मी मात्र व्याह्यांना म्हणाले, अजून वेळ आहे, होईल तुमचं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा मी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. मध्यंतराच्या चहाला मला काही केल्या कळेना, मी नेमकी कुणाला घाबरतेय. त्या घरात मला कुणी काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात काय झालं ते अजून कुणालाच कळलेलं नाही. तीच माणसं, तेच मैदान, आणि कॉर्कची काठी चेंडूला लागेना. मारतात ते बाहेर जातं. टिपरेरीचे गोल जाळ्यात जातात, एक, मग आणखी. व्याहीसुद्धा आनंद करायचे थांबले. "काय झालं यांना?" हे ते स्वतःशीच विचारत होते. आणि मी कधी उभी राहिले मला आठवत नाही. मी टीव्हीसमोर उभी राहून मराठीत ओरडत होते, अरे मार की मुडद्या, हात मोडलेत का तुझे. हे तुमचं वाक्य नाही, तुम्ही असं कधी बोलला नसतात. आईचंही नाही. माझंच असणार. व्याही माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, आल्या एकदाच्या.

कॉर्क हरलं, आणि थोडक्यात नाही. तुम्ही गेलात त्या वर्षी ते जिंकलं होतं, त्यानंतर एकदाही नाही. व्याही उठले, माझ्यासमोर आले, आणि हात पुढे करून अगदी गंभीरपणे "हार्ड लक" म्हणाले, कुणी गेल्यावर आपण त्यांच्या घरी भेटायला जातो तसे. मी हात धरला. मग जेवायला बसलो. मीठ त्यांच्याकडे होतं. ते माझ्याकडे सरकवत त्यांनी विचारलं, "तुमचे वडील खरे कुठले? म्हणजे तिकडे, कुठलं गाव?"

माझा घास अडला, बाबा. मी इथेच जन्मले, माझ्यासमोरून कधी कुणी पेला सरकवला नाही, तरी अडला. लेक माझ्याकडे बघत होती. मी गावाचं नाव सांगितलं. या देशात ते नाव मी घराबाहेर पहिल्यांदाच उच्चारलं. व्याह्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, जमेल तसं, आणि म्हणाले, "आणि तिथले लोक हर्लिंगमध्ये कसे आहेत?" सगळे हसले. मी इतकी हसले की डोळे पुसावे लागले. त्या प्रश्नामागे काही नव्हतं. गावाबद्दल विचारलं ते गावासाठीच विचारलं, असं माणूस तुम्हाला भेटलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं, हे मी परतीच्या ट्रेनमध्ये स्टॅनमोरपर्यंत विचार करत आले.

लग्न सप्टेंबरात आहे. खुर्च्या गोल मांडणार, तुमच्या नातीने आधीच ठरवून टाकलंय, मी काही सांगितलं नव्हतं. हे पत्र मी तिलाही दाखवणार नाही, कारण तिला वाटतंय की आईने त्या दिवशी शेवटी सगळं सांगून टाकलं. ती मला ट्राममध्ये बिलगून बसली होती. तर फक्त तुम्हाला सांगते. लेक पाणी आणायला आत गेली तेव्हा व्याह्यांनी पुढे विचारलं होतं, गावात तुमचं घर कुठे होतं? ते नुसते बटाटे वाढून घेत होते. आणि मी म्हटलं, नदीच्या बाजूला, देवळाजवळ.