प्रत्येक पानावर तीन डाग

२ जुलै
हमरापूरच्या कृष्णाबाईंच्या गणपती कारखान्याचा कॅटलॉग. साठ प्रती, शनिवारपर्यंत. कलर लेझर प्रिंटरवर बाप्पाच्या पीतांबरात फिकट गुलाबी रेघ येतेय. दुकानातली मनाली म्हणाली, दादा, रोह्याच्या हरेश मेकॅनिकला फोन करू का? नको म्हटलं. आजपासून सर्व्हिसिंग स्वतः करायचं. पेणमध्ये एवढं ज्ञान असताना रोह्याला कशाला फोन?

३ जुलै, दुपारी १
मनाली जेवायला गेली. मी तीन व्हिडिओ पाहिले. टोनर हलवला. छपाईचा ड्रम बाहेर काढला, उजेडात धरून नीट पाहिला, पुसला. रेघ गेली. उगाच बाऊ करतात लोक.

दुपारी ४.३०
आता प्रत्येक पानावर करडा डाग. तीन वेळा, सारख्याच अंतरावर. एक थेट बाप्पाच्या सोंडेवर. कागद हलका असणार.

४ जुलै
भारी कागद आणला. डाग. स्टॅबिलायझर बदलला. डाग. क्लीनिंग पेज बारा वेळा काढलं. छत्तीस डाग. मी शांत आहे.

५ जुलै
शांत राहता आलं नाही. कृष्णाबाई पानं बघून म्हणाल्या, "माझ्या पोरी एकेक डोळा जीव लावून रंगवतात, नि तू बाप्पाला काळं फासलंस व्हय?" दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. माझ्या तोंडून निघून गेलं की मनालीने वडापावच्या हातांनी मशीन उघडलं असेल.
मनाली म्हणाली, "दादा, मी उघडलंच नाय."
मग आपोआप झालं का, म्हटलं. तिने पर्स घेतली आणि गेली. दुकानात शिस्त हवीच. जेवण गेलं नाही.

७ जुलै
शेवटी हरेशला बोलावलं. डाग बघून म्हणाला, हा अंगठा हाय. उघड्या हाताने ड्रम धरला की कातडीचं तेल लागतं, मग ड्रम फिरेल तितक्या वेळा छापतं. मी मनालीचं नाव घेणारच होतो. त्याने भिंग दिलं. ठशात आडवी चीर. माझ्या उजव्या अंगठ्यावर कोयता लागल्याचा व्रण आहे, अगदी तसाच. हात खिशात घातला. हरेशने पाहिलं असावं. त्याने नवा ड्रम बसवला.

८ जुलै
उद्या धरमतरला मनालीच्या घरी जायचं. स्पष्ट शब्दांत माफी मागायची. मग तिला घेऊन हमरापूरला, कृष्णाबाईंसमोर पुन्हा एकदा. वाक्यं पाठ केली. आरशासमोर चांगली जमली.

९ जुलै
गेलो. तिच्या आईने चहा दिला. म्हटलं, मनाली, ते मशीन...
झालं का नीट, तिने विचारलं.
झालं.
काय होतं?
आई दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, दमट हवा.
मनालीने माझ्या हातातला कप घेतला. मग म्हणाली, उद्यापासून येते. हात धुऊन येईन.
मी म्हटलं, ये.