पोरांना खोटं नको सांगू

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हल्ली जमीन हलली की तुझी आठवण येते. मनोरच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर माझी अंगणवाडी आहे. काही महिने झाले, तिथे अधूनमधून भूकंपाचे हादरे बसतायत. मध्यंतरी पोरं खिचडी खात असताना मोठा बसला. ताटल्या खडखडल्या, भिंतीवरचा तक्ता खाली आला. मदतनीस ताईंनी आणि मी सगळ्यांना बाहेर काढलं. कुणाला लागलं नाही. तालुक्याहून माणसं येऊन भिंती तपासून गेली, धड आहेत म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून एकही पोर उंबरा ओलांडेना. मीही हजेरीचं पुस्तक बाहेरच घेऊन बसत होते.

तेव्हा किनाऱ्यावरच्या आपल्या नवापूरचा तो दिवस आठवला. वादळ उठलंय, बाबांची बोट परतलेली नाही. शेजारची काकू मला जवळ घेऊन म्हणते, "काय नाय होनार, येतील बाबा." तू तिच्यावर एकदम उखडतेस. "पोरांना खोटं नको सांगू. येतील का नाय, आपल्याला ठाव नाय." मी रडायला लागते. तू खाली बसतेस, माझा चेहरा हातांत धरतेस. "मला पन भ्या वाटतं गो. लय वाटतं. पन बोंबील भिजतील. चल, काढू." आणि त्या वाऱ्यात आपण बांबूंवर वाळत घातलेले बोंबील काढतो, तू, मी, मागाहून काकूसुद्धा. मग तू मोठ्या टोपात भात टाकलास आणि ज्यांची माणसं समुद्रात होती त्या सगळ्या बायकांना घरी बोलावलंस. कुणी रडलं, कुणी नुसतं बसलं, पण जेवल्या सगळ्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला, बाबांची बोट दातिवऱ्याच्या किनाऱ्याला सुखरूप लागली होती.

लहानपणी मला तुझा राग यायचा. काकूसारखं गोड बोलायला तुझं काय जात होतं? आता वाटतं, काकूचं ऐकून मी आतल्या आत एकटीच घाबरत राहिले असते. तू माझी भीती खरी मानलीस आणि हाताला काम दिलंस.

म्हणून मी पोरांना आंब्याखाली बसवलं आणि सांगितलं, मलाही भीती वाटली. मग एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुमाला पन?"

"हो गं."

"परत हललं तर?"

"हलेल कदाचित. मग आपण काय करायचं?"

"भायेर पलायचं!" सगळी ओरडली.

मग त्याचाच खेळ करायचं ठरलं, मी हाक दिली की ढकलाढकली न करता बाहेर यायचं. पण बाहेर पळायला आधी आत असायला हवं, हे त्या चिमुरडीच्याच लक्षात आलं. ती उठली, फ्रॉक झटकला, सरळ आत जाऊन उभी राहिली. "बाई, आता बोला." तिच्यामागून दुसरं गेलं, तिसरं गेलं. रोज खेळलो. आता पोरं पुन्हा आत बसून जेवतात.

आज जेवताना लहानसा हादरा बसला. मी हाक दिली, सगळी रांगेने बाहेर आली, मोजून घेतली. थोड्या वेळाने ताई त्यांना परत आत घेऊन गेल्या.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुला खरं ते लिहिते. मी आंब्याखालीच उभी राहिले होते. पाय उचलेना. शेवटी आतून पोरांनीच हाक मारली, "बाई, या ना, खिचडी गार व्हते."