घाटापलीकडचं इंजेक्शन

फिनमार्क, उत्तर नॉर्वे, १९ जानेवारी

प्रिय आई,

मी सुखरूप आहे, हे आधी सांगते. तुझा गुडघा कसा आहे?

काल घाटात वादळामुळे दोन तास अडकले. विजेवरच्या गाडीची बॅटरी एकोणीस टक्क्यांवर आली, तेव्हा हीटर बंद केला. पलीकडे अस्लाक आजोबांना इन्सुलिन द्यायचं होतं, आणि तिकडे जाणारी नर्स मी एकटीच.

पोचले तेव्हा बोटं वळत नव्हती. "सुई धरवत नाही आणि निघाली मला टोचायला!" म्हणत आजोबांनी माझे हात आपल्या हातांत धरून ऊब दिली. इंजेक्शन दिलं. गाडी चार्जिंगला लावली, तर घराचा फ्यूज उडाला. त्यांनी फ्यूज बदलला आणि गाडी चार्ज व्हावी म्हणून घरातला हीटर बंद केला.

"अहो, गारठाल!"

"मला घरातच बसायचंय. घाट तुला उतरायचाय, पोरी."

खुर्चीत जरा टेकले, ती तीन तास झोपलेच. जाग आली तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे आजोबा बाहेर फावड्याने गाडीभोवतीचा बर्फ उपसत होते. मी रागावले.

"रोज तू येतेस. आज मी अंगणापर्यंत आलो, तर काय बिघडलं?"

गाडीत बसल्यावर मला रडूच आवरेना. दमले होते, एवढंच.

बाबांना मात्र इतकंच सांग, गाडी बर्फात छान चालते.

तुझीच,
गुनवोर