चुलीच्या राखेत बसलेला भाचा

थिओमेदोनदादा,

शिकारीत माझ्या दामोफॉनचा भाला रानडुकराला चुकला आणि तुझ्या अल्कीनोरला लागला. तुझा एकुलता एक मुलगा गेला. रक्ताला रक्त हा आपल्या कुळाचा कायदा. तो पाळायचा तूच, बापही तू आणि राजाही तूच.

आज मी तुझ्याशी भांडायलाच आले होते. असला कायदा देवांचा असेल, तर मी देवांनाही जाब विचारला असता!

दामोफॉन शरणागतासारखा तुझ्या चुलीच्या राखेत बसला होता. म्हातारे काका गुरगुरले, "राजा आहेस की दाई? घे सूड!"

तू म्हणालास, "काका, घरातला एक गेला. दुसरा मी मारू? मग माझं श्राद्ध तुम्ही घालणार का?"

तू डुकराचं पिल्लू कापलंस, त्याच्या रक्ताने भाच्याचे हात माखलेस, वर झऱ्याचं पाणी ओतून खुनाचा विटाळ धुतलास. "ऊठ रे, केवढी राख फासलीस! तुझी आई मलाच बोलेल."

मी नुसती रडले.

आत्ता तो आमच्या अंगणात अंजिरं खातोय. पोटभर खातोय, दादा! पण हे तुझ्या सुन्या घरी कुठल्या तोंडाने कळवू? म्हणून हे पत्र माझ्यापाशीच ठेवते.

तुझी,
लाओनिके